विश्लेषण : नव्या गाडीची चमक घालवतं कोण? धूळ, ऊन की रोज सकाळचा फडका?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना याचा थेट फायदा झाला. करासह सहा लाखांची असलेली अशी गाडी, कंपनीने पूर्ण सवलत दिली तर, साधारण ५१ हजारांनी स्वस्त होते.

पण गाडी बुक करताना टेबलावर आणखी एक कागद येतो. त्यावर सिरॅमिक कोटिंग, टेफ्लॉन कोटिंग, पीपीएफ अशी नावं आणि पुढे हजारांतले आकडे असतात. दुसरीकडे मोबाईलवर टूथपेस्टने ओरखडे घालवणाऱ्या आणि डिझेलच्या फडक्याने गाडी 'शोरूमसारखी' करणाऱ्या रील्स फिरत असतात. करात वाचलेले पैसे कोटिंगवर घालायचे की घरच्या घरी बादली आणि कापडावर काम भागतं, हा प्रश्न नव्या गाडीवाल्याला पहिल्याच आठवड्यात पडतो.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या बपेरासारख्या गावात हा प्रश्न जास्त टोकदार होतो. इथे गाडी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उभी राहत नाही. ती अंगणात, झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेला असते. हवेत धूळ असते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धुवायला बहुतेकदा बोअरचं पाणी असतं. गाडी कर्जावर घेतलेली असते आणि पाच-सहा वर्षांनी विकताना तिचा रंग पाहूनच गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून रंग नेमका कशाने खराब होतो हे आधी समजून घेणं फायद्याचं आहे.

गाडीचा रंग म्हणजे नेमकं काय?

आजच्या गाडीवर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग दोन केसांएवढाच.

त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. गाडीची चमक याच थराची असते. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही यातच असतात. तो गुळगुळीत असला की प्रकाश सरळ परत येतो आणि गाडी चमकते. त्यावर बारीक चरे पडले की प्रकाश विखुरतो आणि गाडी फिकट, धुरकट दिसते. बरेचदा खालचा रंग जसाच्या तसा असतो, फक्त वरचा थर खरवडलेला असतो.

हा थर एकदा घासला गेला की परत येत नाही. गाडीच्या आयुष्यात तो खर्चून संपणारी शिल्लक आहे. घरी किंवा सेंटरवर केलेलं प्रत्येक काम ही शिल्लक वाचवतं किंवा खर्च करतं.

'जितकं घासाल तितकं चमकेल' ही समजूत कुठून आली?

ही समजूत अगदीच खोटी नाही, ती जुन्या गाड्यांची आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा बंगालमधली अँबॅसेडर, या गाड्यांच्या जमान्यात रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. वरचा रंगच उन्हाने भुरकट व्हायचा. पॉलिश लावून घासलं की तो मेलेला थर निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. तेव्हा फडक्यालाही गाडीचा रंग लागायचा. टॅक्सीवाले आणि हौशी मालक दर महिन्याला गाडी घासून काढायचे ते यामुळेच.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ ला निरोप घेतला. तिच्यासोबत निरोप घ्यायला हवी होती ती घासण्याची सवय मात्र घरोघरी टिकली. क्लिअर कोटच्या गाडीवर तीच मेहनत उलटी पडते. घासलं की त्या दिवशी चमक दिसते, पण ती शिल्लक खर्चून आलेली असते.

बपेऱ्याच्या हवेत असं काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे वाळू. तुमसर तालुक्याच्या अंगाखांद्यावरून वैनगंगा आणि बावनथडी वाहतात आणि या भागातली वाळू ट्रक-टिप्परने दूरवर जाते. रस्त्यावर सांडलेली वाळू चाकांखाली दळली जाते आणि धूळ होऊन उडते. वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ हे खनिज असतं. खनिजांचा कडकपणा मोजण्याच्या मोस मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. साध्या पोलादी सुरीचं पातं साधारण साडेपाचवर येतं. जी धूळ सुरीच्या पात्यावर चरा पाडू शकते, तिच्यापुढे गाडीचा क्लिअर कोट फारच मऊ आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खाणी. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या 'मॉइल'च्या मँगनीज खाणी याच तालुक्यात आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण तर उघडी खाण आहे. खनिज वाहून नेणाऱ्या रस्त्यांवरची काळपट धूळ गाड्यांवर बसते आणि पांढऱ्या गाडीवर ती लगेच दिसते.

तिसरी गोष्ट धानाची. भंडारा-गोंदिया हा राईस मिलचा पट्टा आहे. मिलमध्ये धानाचं तूस जळण म्हणून वापरलं की त्याची राख उरते. तुसाच्या राखेत बहुतांश भाग सिलिकाचा असतो, म्हणजे रासायनिक दृष्ट्या वाळूचाच भाऊबंद. मळणीच्या दिवसांत उडणारा कोंडा आणि तणसाची धूळ यांतही सिलिका असते. हाताला मऊ लागणारी ही धूळ गाडीला मऊ नसते.

याशिवाय ऊन आहेच. मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाच्या गाडीचं बोनेट ७० अंशांच्या वर तापू शकतं. अशा वेळी क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि प्रसरण पावतो. त्यावर पडलेली पक्ष्याची विष्ठा वाळते, संध्याकाळी थर थंड होऊन आकसतो आणि त्या डागाचा ठसा रंगात बसतो. विष्ठेतलं आम्ल त्यात भर घालतं. म्हणून सावलीसाठी चिंच, कडुनिंब किंवा मोहाखाली लावलेली गाडी उन्हापासून वाचते, पण पक्षी, चीक आणि मार्च-एप्रिलमध्ये टपटपणारी मोहफुलं यांच्या तावडीत सापडते. झाडाखाली गाडी लावू नये असं नाही. लावली तर डाग त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावा, एवढंच पथ्य.

मग रोज सकाळी फडका मारण्यात वाईट काय?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीवर सकाळी कोरडा फडका फिरवला की क्वार्ट्झचे कण कापडाखाली दाबले जाऊन रंगावर घासले जातात. मालकाला वाटतं धूळ पुसली, प्रत्यक्षात बारीक पॉलिश पेपर फिरवलेला असतो. वर्षभर हेच चाललं की उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसायला लागतात.

फडका कोणता, यानेही फरक पडतो. जुनी बनियन, धोतराचा तुकडा, बटण असलेला शर्ट ही घरातली नेहमीची कापडं. बटण आणि शिवणीने चरे पडतात आणि सपाट विणीच्या कापडात धूळ आत शिरायला जागा नसते. मायक्रोफायबरच्या तंतूंमध्ये पोकळ्या असतात, तिथे कण अडकतात. पण तेही कापड जमिनीवर पडलं की ते गाडीसाठी बाद. खडा अडकलेलं मायक्रोफायबर आणि बनियन यांत काही फरक उरत नाही.

कव्हरचंही तेच. मळक्या गाडीवर कव्हर घातलं आणि उन्हाळी वाऱ्यात ते फडफडत राहिलं, तर आतली धूळ रात्रभर रंगावर घासली जाते. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर आणि घट्ट बांधून.

रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणं रंगासाठी चांगलं. मधल्या दिवसांत काच आणि आरसे तेवढे स्वच्छ ठेवावेत, ते सुरक्षेसाठी गरजेचं आहे. बोनेटवरची धूळ चार दिवस तशीच राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही.

गाडी धुवायची कशी आणि पाणी किती लागतं?

पाण्याचा हिशेब आधी बघू. पाइपमधून मिनिटाला १२ लिटर पाणी येतं असं धरलं आणि पाइप १५ मिनिटं सुरू राहिला, तर १८० लिटर पाणी जातं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका धुण्यात तीन माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त पाणी गेलं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जल मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली आणि ५ हजार रुपये दंड ठेवला. उन्हाळ्यात बोअर आटायला लागले की हा प्रश्न गावातही शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत जातो.

दोन बादल्या वापरल्या तर ३० ते ४० लिटरमध्ये लहान गाडी नीट धुता येते. पद्धत अशी :

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत आणि बोनेट हाताला थंड लागत असताना गाडी धुवावी. आधी मग्गाने वरून खाली पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी. या टप्प्यात हात किंवा कापड लावायचं नाही. एका बादलीत कार शॅम्पूचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवावं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी, मग काचा, बोनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग. प्रत्येक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात पिळून धूळ तिथेच सोडावी. हात गोल न फिरवता सरळ रेषेत फिरवावा. चाकं आणि चिखलाचा भाग वेगळ्या कापडाने आणि सगळ्यात शेवटी. मग स्वच्छ पाणी टाकून लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावं.

टिपणं महत्त्वाचं, कारण बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच थेंब वाळल्यावर गाडीवर बसतो. ताजे डाग निघाले नाहीत तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून ओल्या कापडाने मिनिटभर लावावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. डाग उन्हात मुरले तर मात्र पॉलिशशिवाय जात नाहीत. सोय असेल तर शेवटच्या पाण्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात.

गाडी नदीत किंवा तलावात नेऊन धुण्याचा जुना रिवाज दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. ग्रीस आणि तेल पाण्यात जातं, तिथे गुरं पाणी पितात आणि पुढच्या गावाची पाणी योजना असते. शिवाय नदीच्या गढूळ पाण्यात वाळूचे कण असतात, म्हणजे गाडी ज्या गोष्टीपासून वाचवायची तिनेच ती धुतली जाते.

रील्समधले घरगुती उपाय खरे की खोटे?

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण : मळ निघतो, पण गाडीवरचं वॅक्सही निघून जातं. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते. ती रबर आणि काळ्या प्लास्टिकला कोरडं पाडते. कधीतरी एकदा वापरली तर आभाळ कोसळत नाही, सवय मात्र वाईट.

डिझेल किंवा रॉकेलचा फडका : ट्रॅक्टर-ट्रकवर हा उपाय जुना आहे. तेलकट थरामुळे तासभर चमक दिसते, मग त्याच थरावर दुप्पट धूळ चिकटते. वॅक्स विरघळतं, रबराच्या पट्ट्या फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच.

टूथपेस्ट : दात घासायला तिच्यात बारीक घर्षक कण असतात, त्यामुळे ती ओबडधोबड पॉलिशचं काम करते. हलका चरा थोडा फिका होतो, पण त्याभोवतीचा क्लिअर कोट झिजतो आणि तिथे निस्तेज ठिपका उरतो. नखाला अडकणारा चरा कुठल्याही पेस्टने जात नाही.

खोबरेल तेल : काळ्या प्लास्टिकवर दोन दिवस बरं दिसतं, मग तिथे धुळीचा लेप बसतो.

पॉलिश आणि वॅक्स यात फरक काय?

दुकानात दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात आणि बोलताना दोन्हीला 'पॉलिश'च म्हणतात. काम मात्र उलट आहे. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड क्लिअर कोटचा वरचा भाग घासून काढतात आणि चऱ्याच्या कडा सपाट करतात. वॅक्स वरून एक थर चढवतं. पॉलिश शिल्लक खर्च करतं, वॅक्स तिचं रक्षण करतं.

हलक्या पॉलिशने साधारण एखादा मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडने दोन ते पाच. क्लिअर कोट ३५-५० मायक्रॉनचा असला तरी तो तळापर्यंत वापरता येत नाही. अर्ध्यावर येण्याआधीच उन्हापासूनचं संरक्षण कमजोर होतं आणि काही वर्षांत टप-बोनेटवर पापुद्रे सुटायला लागतात. प्रत्येक सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्या गाड्यांचं हेच होतं. वर्षातून एकदा, गरज असेल तिथेच आणि हलकं पॉलिश ही मर्यादा ठेवावी. घरी हाताने करताना फोमचा छोटा पॅड, सावली आणि हलका दाब. जास्त फेऱ्यांच्या गोल मशीनने कडांवरचा रंग काही सेकंदांत उडू शकतो, कारण तिथे थर आणखी पातळ असतो.

पॉलिशआधी गाडी खरंच स्वच्छ आहे का ते बघायची एक सोपी युक्ती आहे. धुतलेल्या बोनेटवर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवावीत. खरखरीत लागलं तर धुळीचे, लोखंडाचे कण रंगात रुतलेले आहेत. ते घासून काढू नयेत. त्यासाठी क्ले बार नावाची मातीसारखी वडी मिळते, ती शॅम्पूच्या पाण्यावर हलकेच फिरवली की कण तिला चिकटून येतात.

वॅक्समध्ये कार्नोबा हे नाव वारंवार दिसतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण आहे. शुद्ध कार्नोबा ८० अंशांच्या पुढे वितळतं, पण डब्यात त्यात इतर मेणं आणि तेलं मिसळलेली असतात. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकतं. कृत्रिम सीलंट किंवा फवारायचं सिरॅमिक वॅक्स काही महिने टिकतं आणि लावायलाही सोपं असतं.

सिरॅमिक, टेफ्लॉन, पीपीएफ : दाव्यात किती तथ्य?

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकाच्या रसायनांवर आधारलेला द्रव असतो. तो क्लिअर कोटला चिकटून कडक होतो. पाणी आणि चिखल लवकर सुटतो, विष्ठा आणि क्षारांना उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ मिळतो, चमक वाढते. हे फायदे खरे आहेत आणि नीट केलेलं काम दोन-तीन वर्षं टिकू शकतं.

गडबड होते ती '९एच' या शब्दाने. जाहिरातीत हा आकडा हिऱ्याच्या चित्राशेजारी छापतात, पण तो खनिजांच्या मोजपट्टीवरचा नाही. तो पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. वेगवेगळ्या पेन्सिली थरावर ओढून कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते त्या चाचणीत पाहतात. ९एच म्हणजे त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. वैनगंगेची वाळू पेन्सिल नाही. एक-दोन मायक्रॉनचा हा थर वाळूच्या चऱ्यांपासून गाडी वाचवत नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर कोरडा फडका फिरवला तर चरे पडतातच, फक्त ते आधी महागड्या थरावर पडतात.

टेफ्लॉनचं नाव तव्यावरून ओळखीचं आहे. तव्यावर तो थर ३०० अंशांच्या वर भाजून बसवतात. रंगवलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही. त्या नावाने जे लावलं जातं ते बहुधा कृत्रिम सीलंटच्या जातीचं असतं आणि महिन्यांच्या हिशेबानेच टिकतं.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जास्त. उडणारा खडा अडवण्याची ताकद या तिघांत फक्त हिच्यात आहे. अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी अशी फिल्म आधी वापरली गेली होती. पूर्ण गाडीला ती लावायचा खर्च लहान गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो. टिप्परमागून रोज जाणं असेल तर फक्त बोनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे यांना ती लावणं हा मधला मार्ग आहे. रंगीत फिल्म लावून गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात रंगाची नोंद असते हे विसरू नये. तो बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो.

शोरूममध्ये काय विचारावं?

कोटिंग ही ऐच्छिक सेवा आहे. तिच्याशिवाय गाडी नाकारली जाते असं कुणी सांगितलं तर ते लिहून मागावं. ऑन-रोड किमतीच्या कागदावर ती वेगळ्या ओळीत आहे का ते पाहावं. उत्पादनाचं नाव काय, वॉरंटी कोण देतं, वॉरंटीत नेमकं काय धरलं आहे आणि दर किती महिन्यांनी पैसे देऊन 'मेंटेनन्स' करावा लागतो, हे चार प्रश्न विचारावेत. 'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं लाइफ, हे तिथेच कळतं.

फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही. त्यासाठी पक्कं बिल हवं, म्हणून रोखीत 'बिलाशिवाय स्वस्त' हा सौदा टाळावा.

वर्षभराचा साधा हिशेब

होळीच्या आधी गाडी धुऊन वॅक्स लावावं. रंग लागले तरी लवकर सुटतात आणि पुढच्या उन्हाळ्यालाही आधार होतो. एप्रिल-मेमध्ये सावली शोधावी आणि डाग त्याच दिवशी काढावेत. पावसाळ्यात मडगार्डच्या आत आणि दरवाजांच्या खालच्या कडांना अडकलेला चिखल पाण्याने काढून टाकावा, कारण तो ओला राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. पत्र्यापर्यंत गेलेला चरा दिसला तर पाऊस येण्याआधी टच-अप पेन लावावा. रंगाचा कोड दरवाजाच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो.

दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. कुंकवातला रंग उन्हात दोन-चार दिवस राहिला की पांढऱ्या गाडीवर डाग सोडतो, म्हणून पूजा आटोपली की दुसऱ्या दिवशी हलकेच धुवावं. स्वस्तिक काचेवर काढलं तर तीही काळजी नाही. लग्नात वरातीच्या गाडीला फुलं चिकटपट्टीने लावतात. ती पट्टी वाळून घट्ट होण्याआधी, त्याच रात्री काढावी. धानाच्या मळणीनंतर, दिवाळी आटोपली की आणखी एकदा वॅक्स.

या सगळ्याला लागतं काय? कार शॅम्पू, चार-पाच मायक्रोफायबर कापडं, हातमोजा, दोन बादल्या आणि वॅक्सचा एक डबा. पहिल्या वर्षीचा खर्च साधारण दीड-दोन हजारांत बसतो. शहरातल्या स्टुडिओत सिरॅमिक कोटिंगला गाडीच्या आकारानुसार याच्या दहापट किंवा त्याहून जास्त पैसे लागतात. ज्याला परवडतं त्याने जरूर करावं, पण त्यानंतरही गाडी धुवायची पद्धत हीच राहते. आणि पद्धत चुकीची असेल तर कुठलंही कोटिंग बपेऱ्याच्या रस्त्यावरच्या धुळीपुढे टिकत नाही. त्यामुळे कोटिंगच्या कागदावर सही करण्याआधी घरातला तो रोजचा कोरडा फडका बंद करणं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ उपाय आहे.